विचारायचं कोणाला?

छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. त्यानंतर शहरानं नगरसेवक निवडण्यासाठी मतदान केलं ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. २०२० साली पहिलीत गेलेलं पोर तोवर सहावीत पोचलं होतं. नवी मुंबई, वसई-विरार, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली इथली सभागृहंही त्याच वर्षी रिकामी झाली. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथं २०२२च्या मार्चमध्ये प्रशासक बसले. आधी करोना होता, मग ओबीसी आरक्षणासाठीची तिहेरी चाचणी, मग प्रभागरचनेचा वाद. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या असं बजावलं, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असं राज्यघटनेच्या २४३-यू कलमात स्वच्छ लिहिलेलं असताना इतकी वर्षं गेली.

या सदरात मी पाणी, रस्ते, कचरा, दाखले याबद्दल लिहिते आणि वाचक आपापल्या तक्रारी कळवत असतात. या वर्षांत त्या तक्रारींचा सूर बदललेला मला जाणवला. काम होत नाही, ही ओरड जुनीच आहे. या काळात मात्र लोकांचा पहिला प्रश्न असायचा : ताई, हे सांगायचं कोणाला? नगरसेवक नव्हता, खिडकीवरचा माणूस म्हणायचा ऑनलाइन करा, ऑनलाइन केलं की उत्तर यायचं नाही, आणि मधेच संप लागला तर तेवढंही बंद. माणूस गैरसोय सोसतो, पण आपल्याला उत्तर द्यायला कोणी बांधील नाही ही भावना त्याला आतून खाते. आपल्या स्थानिक कारभाराचा आजचा मूळ रोग मला हाच वाटतो.

नगरसेवकांची भलामण करायचा माझा हेतू नाही. टक्केवारी, ठेके, फ्लेक्सबाजी हे सगळं आपण पाहिलेलं आहे. तरीही सकाळी सात वाजता ज्याच्या दारात चार बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहू शकतात, असा तो एकच सत्ताधारी माणूस होता. त्याला पुढच्या वेळी मत मागायला त्याच गल्लीत यायचं असायचं, म्हणून तो चडफडत का होईना फोन उचलायचा, लाइनमनला बोलावून घ्यायचा. प्रशासक कितीही कर्तबगार असला तरी तो बदलून जातो. अंदाजपत्रक तोच मांडतो, तोच मंजूर करतो, आणि त्यावर सभागृहात उभं राहून प्रश्न विचारणारं कोणी नसतं. अधिकारी चांगला निघाला तर शहराचं नशीब, नाही निघाला तर पाच वर्षं गप्प बसायचं. लोकशाहीत शहराचा कारभार असा नशिबावर सोडून चालत नाही.

संभाजीनगरच्या पाण्याचंच बघा. पैठणचं जायकवाडी धरण शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर आहे. २०२५च्या सप्टेंबरात धरण भरून वाहिलं, दरवाजे उघडावे लागले, खाली गोदाकाठच्या गावांत पाणी शिरलं. तरी शहरातल्या नळांना वर्षानुवर्षं कुठे पाच दिवसांनी, कुठे आठ दिवसांनी पाणी येत आलं आहे. २०१९ साली १,६८० कोटींची नवी पाणीपुरवठा योजना मंजूर झाली, तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला, मुदती पुढे सरकत राहिल्या आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला त्यात लक्ष घालावं लागलं. नगरसेवकांनी सभागृहात विचारायचे प्रश्न न्यायमूर्तींना विचारावे लागले.

पाण्याच्या दिवशी या शहरातलं घर कसं चालतं, ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. आदल्या रात्रीपासून ड्रम घासून ठेवायचे. पहाटेपासून कान नळाकडे. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आलं का?’, ‘नाही अजून’ सुरू होतं. मग कोणीतरी लिहितं, ‘फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्राची लाइट गेली होती, उद्यावर गेलं.’ त्या एका ओळीनं घरातल्या बाईचा पुढचा सबंध दिवस उलटापालटा होतो. शाळेत शिक्षिका असेल तर पुन्हा अर्धी रजा, बँकेत असेल तर साहेबाची बोलणी, धुणीभांडी करणारी असेल तर चार घरचा खाडा आणि पगारातली कापणी. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं पुढे ढकललं जातं. पाणी मध्यरात्री आलं तर मोटार लावायला उठणारीही बहुतेक तीच असते. पाणीपट्टीच्या बिलावर या श्रमाचा हिशेब कुठेच येत नाही. पाणी आठवड्यानं का होईना, पण ठरल्या दिवशी आणि ठरल्या वेळी आलं तरी निम्मा त्रास संपेल. वेळापत्रक पाळायला धरण बांधावं लागत नाही. ते मोडलं तर जाब विचारणारं कोणीतरी असावं लागतं, एवढंच.

तंत्रज्ञानानं ही पोकळी भरून निघेल असं आपल्याला सांगण्यात आलं होतं. काही बाबतीत ते खरंही झालं. सातबारा घरबसल्या दिसतो, वीजबिल मोबाइलवर भरता येतं, त्यासाठीच्या रांगा गेल्या. हे उपकारच आहेत. पण जिथे अडतं तिथे माणूस नाही. रेशन दुकानात महिनाअखेरीला जाऊन उभं राहिलं की हे कळतं. सत्तरीतली आजी, आयुष्यभर शेतात निंदणी-खुरपणी केलेली, यंत्रावर अंगठा ठेवते. यंत्र तो ओळखत नाही. दुकानदार म्हणतो, “आजी, पुसून ठेवा.” आजी पदरानं बोट पुसते, पुन्हा ठेवते. मग दुसरं बोट, मग डाव्या हाताचा अंगठा. मागची रांग चुळबुळ करायला लागते. अखेर दुकानदार सांगतो, “सर्व्हर डाऊन आहे, दुपारून या.” आजीच्या बोटांवरच्या रेषा खुरप्यानं झिजलेल्या आहेत, त्या दुपारून उमटणार नाहीत. दुकानदार तिला आपल्या लहानपणापासून ओळखतो, पण त्याच्या ओळखीला यंत्रापुढे किंमत नाही. नियमात अशा माणसांसाठी पर्याय असतोही, पण तो वापरायचा अधिकार असलेला माणूस त्या दुकानात नसतो.

ओटीपीची कथा याहून बिकट. २०२५च्या अखेरीस लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी गावोगाव बायका सेतू केंद्रांवर आणि मोबाइलच्या दुकानांत बसून होत्या. संकेतस्थळ उघडेना, उघडलं तर ओटीपी येईना. सरकारला मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. खेड्यातल्या बाईच्या आधारला जोडलेला नंबर पुष्कळदा तिचा नसतोच. तो मुलाचा असतो. मुलगा चाकणला कंपनीत फर्स्ट शिफ्टला, मोबाइल गेटवर जमा. इकडे ओटीपीची मिनिटं संपतात, तिकडे त्याला त्याचा पत्ताही नसतो. वडील किंवा नवरा यांचा आधार क्रमांकही द्यायचा होता. जिचे दोघेही हयात नाहीत ती विधवा काय करणार, हा प्रश्न अर्ज बनवणाऱ्यांना आधी पडला नाही, लोकांनी ओरड केल्यावर पडला. संगणकावरचा अर्ज बनवताना मंत्रालयातल्या कोणी अशा एका बाईशी बसून बोललं असतं, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला असता.

तक्रार निवारणाच्या अॅपबद्दल वाचक जे कळवतात त्यात तर कमालीचं साम्य असतं. खड्ड्याचा फोटो टाकला, क्रमांक मिळाला, चार दिवसांनी संदेश आला की आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. खड्डा तिथेच. तक्रार कोणी बंद केली, काय पाहून केली, त्याचं नाव नाही. तक्रारदारानं होकार दिल्याशिवाय तक्रार बंद होता कामा नये, एवढी साधी सोय अॅपमध्ये करायला फार मोठी बुद्धी लागत नाही. ती होत नाही, कारण आकडा ‘निराकरण झालेल्या’ तक्रारींचा मोजला जातो.

आता संप. संप म्हटला की मध्यमवर्गाच्या कपाळावर आठी पडते. मला तसं सरसकट बोलता येत नाही. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं, तेव्हा त्यांचे पगार तुटपुंजे आणि तेही वेळेवर नव्हते, आणि घरं मोडत होती, काहींनी जीव दिला. महामंडळाचं राज्य सरकारात विलीनीकरण करण्याची त्यांची मागणी मान्य करणं सोपं नव्हतं हेही खरं. पण तिढा चिघळला आणि कामगारांनी २२ एप्रिल २०२२पर्यंत रुजू व्हावं असं उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. करोनानंतर खेड्यांतल्या शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मोफत पासावर तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलींपुढे रोज काळी-पिवळीचं भाडं उभं राहिलं. मुलाला सायकल आणि मुलीला घरकाम, असा निर्णय ज्या घरांत झाला त्या घरांची नोंद कोणत्या अहवालात असेल?

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर होते. नेमकी त्याच आठवड्यात अवकाळी आणि गारपीट झाली. गहू झोपला, द्राक्षं-आंबा गळाला, आणि पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक कोणी नव्हतं. म्हातारपणाची काळजी करणारा कर्मचारी खोटा नव्हता, बांधावर उभा शेतकरीही खोटा नव्हता. पण हे दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. सरकारनं समिती नेमली ती संप उंबरठ्यावर आल्यावर, आणि संप मिटला तो सातव्या दिवशी. जी समिती अशी ऐन वेळी नेमता येते ती संपाची नोटीस हातात पडल्यावर नेमता येत नव्हती का? नोटीस ते संप या दिवसांत कोण कोणाशी काय बोललं, हे लोकांना तारखेनिशी कळलं पाहिजे. आणि संघटनांनीही पंचनामा, दवाखाना, परीक्षा, पाणी यासाठी किमान माणसं कामावर ठेवूनच संपावर जावं. लोकांची सहानुभूती ही कामगारांची सगळ्यात मोठी ताकद आहे. ती गमावून जिंकलेला संप पुढच्या वेळी त्यांनाच महाग पडतो.

निवडणुका झाल्या, म्हणजे आता प्रश्न सुटला, असं समजण्याचा धोका आहे. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांत बहुसदस्य प्रभाग आहेत. संभाजीनगरात २९ प्रभागांतून ११५ नगरसेवक निवडून आले, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार. चौघं मिळून जबाबदार म्हणजे प्रत्यक्षात कोणीच नाही, हा अनुभव याआधीही आला आहे : पाण्याचं विचारलं की दुसऱ्याकडे बोट, ड्रेनेजचं विचारलं की तिसऱ्याकडे. माझं आग्रहाचं मागणं आहे की प्रत्येक प्रभागातल्या नगरसेवकांनी गल्ल्या आणि वसाहती आपसात वाटून घ्याव्यात आणि ती यादी नाव-नंबरासह चौकात लावावी. कायद्यानं त्यांना कोणी अडवलेलं नाही.

दुसरं मागणं क्षेत्रसभेचं. खेड्याला ग्रामसभा आहे. ती कशीही भरत असली तरी सरपंचाला तिथे उभं राहून जमाखर्च सांगावा लागतो. शहरांसाठी २००९ साली राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली आणि ती कागदावरच राहिली. शहरातल्या सुशिक्षित मतदाराला खेड्यातल्या मतदाराइतकाही जाहीर जाब विचारता येऊ नये, हे कोणत्या न्यायात बसतं? नव्या महापौरांनी आणि सभागृहांनी पहिल्या वर्षातच क्षेत्रसभा सुरू कराव्यात, पाण्याचं वेळापत्रक तिथे मांडावं, आणि मागच्या महिन्यात ते किती वेळा मोडलं आणि का, हे अभियंत्यानं तिथे येऊन सांगावं.

तिसरं मागणं प्रत्येक ऑनलाइन सेवेमागे एका खिडकीचं. तिथे बसलेल्या माणसाला अंगठा न जुळणाऱ्या आजीचा, ओटीपी न पोचलेल्या बाईचा निर्णय सहीनिशी करण्याचा अधिकार हवा. २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमानं ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. दाखला किंवा परवाना अडला तर त्याच खात्यात दोन अपिलं आणि त्यावर सेवा हक्क आयोग, आणि कसूर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड, अशी त्यात सोय आहे. तो कायदा आपण वापरत नाही, कारण अर्जाची पोच आणि नकाराचं कारण लेखी मागायला आपण संकोचतो.

हा संकोच सोडायची हीच वेळ आहे. नगरसेवक नवे आहेत, त्यांची आश्वासनं लोकांच्या अजून लक्षात आहेत. आपल्या प्रभागातल्या चौघांना एकच पत्र द्या, दहा शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, पोच घ्या. पत्रात तीनच गोष्टी असू द्या : आमच्या गल्लीला कोण जबाबदार, पाणी कोणत्या दिवशी किती वाजता, आणि क्षेत्रसभा केव्हा. उत्तर लेखी मागा आणि नाही आलं तर महिन्यानं पुन्हा जा. जवळजवळ सहा वर्षं आपल्याला विचारायला माणूस नव्हता. आता तो आपण निवडून दिला आहे, आणि त्यानं उत्तर देणं ही त्याची मेहेरबानी नाही, त्याचं काम आहे.