सुक्या मेव्याच्या डब्याविरुद्ध

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की पुरवण्यांतून 'खवय्यांसाठी खास भेटी' अशा मथळ्याच्या याद्या झळकू लागतात. आम्ही त्या दरवर्षी नेमाने वाचतो आणि दरवर्षी नेमाने संतापतो. प्रश्न केवळ आवडीनिवडीचा असता, तर हा संताप आम्ही बेदाण्यांबरोबर गिळला असता. परंतु या याद्यांतून 'खाण्याची आवड असणे' या शब्दप्रयोगाचा अर्थच आपल्या डोळ्यांदेखत पालटतो आहे, आणि शब्दांचे अर्थ पालटणे हा तर आपल्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्यांचा आणि अध्यापकांचा प्रांत. तेव्हा बोलणे भाग आहे.

आधी त्या चार कप्प्यांच्या, सोनेरी फीत बांधलेल्या डब्याविषयी. काजू, बदाम, पिस्ते, बेदाणे. बदाम बहुधा कॅलिफोर्नियाचे. या वस्तू वाईट असतात असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमचा आक्षेप इतकाच, की हा डबा कोणीही कोणालाही देऊ शकतो. देणाऱ्याला घेणाऱ्याविषयी काही ठाऊक असण्याची गरज नाही आणि घेणाऱ्याला देणाऱ्याविषयी काही कळण्याची सोय नाही. तो टिकतो, म्हणूनच तो न उघडता पुढे जातो. गेल्या दिवाळीत आमच्याकडे आलेल्या अशा एका डब्याच्या तळाशी भलत्याच कोणा सद्गृहस्थांना उद्देशून लिहिलेली शुभेच्छापत्रिका निघाली. त्या गृहस्थांचा आमचा परिचय नाही. त्यांचे काजू मात्र आम्ही खाल्ले.

याउलट फराळाचे ताट पाहा. क्रोशाच्या रुमालाखाली झाकून शेजारी जाणारे ते ताट म्हणजे देणारीने पत्करलेला धोका असे. चकली मऊ पडलेली असू शकते. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, कुटून, गुळात मळून मुरवलेल्या पिठाचा अनारसा ऐन तुपात हसू शकतो. (पदार्थ बिघडला की तो 'हसला' म्हणणारी आपली भाषा किती निष्ठुर आणि किती अचूक आहे!) आणि शेजारीण ते खाऊन मत देई: यंदा भाजणी कच्ची राहिली वाटते. ताट रिकामे परत जात नसे, निदान चिमूटभर साखर तरी त्यात पडे. त्या साखरेबरोबर हे मतही परत जाई. आपण ज्याला समीक्षा म्हणतो ती याहून निराळी काय असते? डब्यातल्या बदामावर कोणाचे काय मत असणार?

आता कोणी म्हणेल, चला, आले स्मरणरंजन. थांबा. ते ताट प्रत्येक दारी जात नव्हते, हे आम्ही विसरलेलो नाही. कोणत्या आळीपर्यंत जायचे आणि कुठून परत फिरायचे, हे ताट नेणाऱ्या पोरालाही न सांगता ठाऊक असे. आणि ते ताट भरण्यासाठी कढईपुढे कोण बसत होते, हेही आम्हाला ठाऊक आहे. आपल्या भाषेने येथे श्रमविभागणीच करून ठेवली आहे: जो खातो तो खवय्या, जी रांधते ती सुगरण. खवय्याचे कौतुक त्याच्या जिभेचे, सुगरणीचे कौतुक तिच्या हाताचे. याद्या हाच कोश पुढे चालवतात. त्याला खाण्याचा जिन्नस, तिला मिक्सर. म्हणजे त्याला सुख आणि तिला आणखी काम, तेही रंगीत कागदात गुंडाळून. सुगरणीलाही जीभ असते ही शंका यादीकाराला शिवत नाही.

अलीकडे या याद्यांत पाककृतींची पुस्तकेही दिसतात. पुस्तक म्हटल्यावर आम्ही विरघळावे अशी अपेक्षा असावी. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि लग्न झालेल्या मुलीला ते देण्याची रीतच पडली. वाटी-चमच्याच्या मापाने नवख्या हाताला धीर देणारे ते पुस्तक थोर आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्यातल्या स्वयंपाकघरालाच 'मराठी स्वयंपाकघर' समजून बसणाऱ्या आपल्याशी. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली प्रसिद्ध झाले. पंगतीत म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातल्या एका शब्दामागे 'अ' लावून त्यांनी मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांचे अन्न मराठी पुस्तकात आणले. २०२४ मध्ये भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही आला. भेटींच्या याद्यांत ते आम्हाला अद्याप दिसलेले नाही. आणि आपल्या विभागांत? तेथे त्यावर चर्चासत्र होते, निबंध होतात, 'वंचितांचा आवाज' वगैरे म्हटले जाते. पण त्यात कृती दिलेल्या आहेत, त्या करून पाहण्यासाठी आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात आले? 'रुचिरा' ओट्यावर आणि पाटोळे संदर्भग्रंथांच्या कपाटात, ही वाटणी आपणच केली आहे. खवय्या म्हणवणाऱ्या मित्राला यंदा हे पुस्तक द्यावे, आणि वाळवलेल्या मांसाच्या चान्यांचे पान आले की तो तोंड वाकडे करतो की कढई चढवतो, ते पाहावे.

राहिले जिन्नस. आजऱ्याचा घनसाळ, भिवापुरी मिरची, वायगावची हळद, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी यांना भौगोलिक मानांकने मिळाली, हे उत्तमच झाले. पण लगेच त्यांच्या पन्नास-पन्नास ग्रॅमच्या बाटल्या करून पेटीत मांडण्याची हौस कोणाला सुचली? बाटलीभर तांदळाचा भात कोणाच्या पानात पुरणार? द्यायचा तर पाच किलो द्यावा, पिशवीत. ज्वारी तर रब्बीची. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. ती तेव्हा द्यावी. खाणाऱ्याचे पंचांग पिकाचे असते, सेलचे नव्हे.

आम्ही यंदा काय दिले, असा प्रश्न येणारच. एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंना आम्ही सरळ विचारले, तुम्हाला काय खावेसे वाटते? बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, दुसऱ्या कोणी केलेले थालीपीठ, गरम, आणि मी बसलेली असताना. चाळीस वर्षे इतरांना गरम वाढून स्वतः गार खाल्लेल्या बाईंना उत्तर सुचायला वेळ लागला, यात नवल नाही. आम्ही भाजणी आणि लोणी घेऊन त्यांच्याकडे गेलो. पहिले थालीपीठ तव्याला चिकटले, दुसरे करपले, तिसरे पानात पडले. बाईंनी ते सावकाश संपवले, बोटे पुसली आणि म्हणाल्या, "भाजणीत धणे कमी पडलेत."