सप्तपदीनंतरचे आठवे पाऊल

लग्नसराई आली की सीताबर्डीच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते. खेड्यापाड्यांतून माणसे बस्ता बांधायला येतात. शालू, शेला, आहेराची लुगडी, काही म्हणता काही विसरत नाही. विसरतो तो एकच कागद: विवाहनोंदणीचा दाखला.

ज्या घरातून माझ्यासारखी पहिलीच मुलगी कॉलेजात आली, त्या घरात हे स्वाभाविक आहे. गावाने अक्षता टाकल्या, पंगती उठल्या, आणखी पुरावा तो कशाला? कायदाही काही अंशी त्यांच्याच बाजूने आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार केवळ नोंदणी नाही म्हणून लग्न रद्द ठरत नाही. पण परदेशी कचेरीला अक्षता दिसत नाहीत. नवरा नोकरीला आखातात किंवा अमेरिकेत गेला आणि पत्नीला न्यायची वेळ आली, की व्हिसासाठी दाखला मागितला जातो. आपल्याकडे पासपोर्टसाठी दाखल्याची अट २०१६ च्या डिसेंबरात काढून टाकली, म्हणून पुष्कळांना वाटते की त्याची गरजच संपली. ही समजूत महागात पडते.

नोंद आधीच झालेली असेल तर काम अवघड नाही. घरच्या माणसाने नकल काढावी, तिच्यावर राज्य शासनाचे साक्षांकन घ्यावे आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ घ्यावे. हेग कराराची ही सोय भारतात २००५ पासून आहे. नोंदच नसेल तर मात्र कठीण. महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा नव्वद दिवसांत नोंदणी करा म्हणतो. त्यासाठी नवराबायकोने तीन साक्षीदारांसह निबंधकापुढे हजर व्हायचे असते. भारतीय वकिलातीकडे जावे, तर १९६९ चा परदेशी विवाह कायदा परदेशात झालेल्या लग्नांसाठी आहे; गावच्या मांडवातल्या लग्नासाठी नव्हे. म्हणजे एका सहीसाठी रजा आणि विमानाचे तिकीट!

ज्याला हे परवडत नाही, त्याची बायको सासरी वाट पाहत राहते. हा प्रश्न कागदाचा दिसतो, पण तो स्त्रीचा आहे. उद्या नवऱ्याने परदेशात लग्नच नाकारले, तर तिच्या हाती फोटोंच्या अल्बमशिवाय काय उरते? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करा असे सांगितले, ते याच विचाराने.

कोणी म्हणेल, हजेरीची अट फसवणूक टाळण्यासाठी आहे. मान्य. परंतु २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमेरिकेतल्या एका दांपत्याची दूरदृश्य हजेरी ग्राह्य धरली. चेहरा आणि ओळखपत्र पडद्यावरही तपासता येते. दर जोडप्याने त्यासाठी कोर्टाची पायरी का चढावी? ही सोय नियमातच हवी.

तोवर आपण काय करावे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात एक दिवस गावातल्या नव्या जोडप्यांचे नोंदणीचे अर्ज भरून द्यावेत. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीतच होते. साक्षीदार गावातच असतात, भटजीही जवळचाच असतो. चार अक्षरे शिकल्याचा एवढा उपयोग तरी आपल्या माणसांना व्हायला नको का?