गव्हर्नरच्या खुर्चीत नौदल अधिकारी

१८ मार्च २०२५ला नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू टीव्हीवर आले आणि रिव्हर्स राज्यात आणीबाणी जाहीर करून मोकळे झाले. गव्हर्नर सिमिनालाई फुबारा सहा महिने निलंबित, विधानसभाही निलंबित. खुर्चीत बसले माजी नौदलप्रमुख, निवृत्त व्हाइस ॲडमिरल इबोक-एते इबास.

आपली राष्ट्रपती राजवट आठवली ना? पण तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो लोकांनी थेट निवडून दिलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखं राज्य चालवतो.

कारणं दोन दिली गेली : तेलाच्या पाइपलाइनवरचे हल्ले, आणि गव्हर्नर विरुद्ध आमदार हे भांडण. दोन्ही खरीच होती. पण त्यावर उपाय म्हणून नौदलाचा माणूस आला, तेव्हा तिथल्या जुन्या लोकांना १९६७ आठवलं असणार.

तेव्हा लष्करी राजवट होती. नव्यानेच तयार झालेल्या रिव्हर्सचा पहिला गव्हर्नरही नौदलातलाच, आल्फ्रेड डिएटे-स्पिफ. वय फक्त २४! (या वयात आपल्यातले काही जण एटीकेटी सोडवत असतात.) १९७३मध्ये मिनेरे अमाकिरी या वार्ताहराने शिक्षकांच्या असंतोषाची बातमी दिली. ती छापून आली नेमकी गव्हर्नरच्या वाढदिवशी. साहेबांचा अपमान झाला म्हणून त्यांच्या एडीसीने अमाकिरींना बोलावून घेतलं, डोकं भादरलं आणि छड्यांनी फोडून काढलं. पत्रकारिता शिकताना हे वाचलं की पोटात गोळा येतो. अमाकिरी कोर्टात गेले, नुकसानभरपाई मिळवली. गव्हर्नर मात्र १९७५पर्यंत खुर्चीतच. मतदारच नव्हते, तर हटवणार कोण?

इबास यांच्या काळात असलं काही घडलं, असं मी म्हणत नाही. आता देशात लोकशाही आहे आणि त्यांना नेमलं ते निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांनी. पण उत्तर द्यायचं ते वरच, खाली नाही. राज्याचं सुमारे दीड लाख कोटी नायरांचं बजेट मंजूर झालं अबुजाच्या संसदेत. ३० ऑगस्टला स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा राज्याच्या प्रमुखपदी एकही मत न मागता आलेला माणूस होता.

१८ सप्टेंबरला आणीबाणी संपली, फुबारांना खुर्ची परत मिळाली. ज्यांनी त्यांना २०२३मध्ये निवडून दिलं, त्यांना ना घालवताना कुणी विचारलं, ना परत आणताना.