ईसीजी नॉर्मल आल्यावर पुढे काय?

पॅनिक आणि चिंताविकाराच्या रुग्णाला समुपदेशन आणि व्यायाम ही एकाच उपचाराची दोन अंगे म्हणून मिळाली पाहिजेत, असे आमचे ठाम मत आहे. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पण फोन ठेवल्यावर पुढे काय, याचे उत्तर तालुक्यातच मिळायला हवे. सिन्नर तालुक्यातल्या मुसळगाव किंवा माळेगावच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार रात्रपाळीत छातीत धडधडून, हातांना मुंग्या येऊन दवाखाना गाठतो, ईसीजी नॉर्मल येतो आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. मग तो जिना चढायलाही भितो. ही भीती नुसत्या समजुतीने जात नाही. भरभर चालल्यावर तीच धडधड होते आणि काही वेळात आपोआप ओसरते, हा अनुभव शरीराला यावा लागतो. त्याचा अर्थ समुपदेशक उलगडून देतो.

व्यायामानेच झटका येईल, ही शंका रास्त आहे. म्हणून तो हृदयाच्या तपासणीनंतर आणि टप्प्याटप्प्याने हवा. औषध सोडा, असेही आम्ही म्हणत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात दहा आठवडे धावणाऱ्या पॅनिकच्या रुग्णांना औषध नसलेल्या गोळीपेक्षा स्पष्ट फायदा झाला, पण क्लोमिप्रामिन हे औषध धावण्याहून लवकर आणि अधिक लागू पडले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने सिन्नरच्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या वारी समुपदेशक आणि व्यायामाचे मार्गदर्शन एकाच खोलीत, पाळी सुटण्याच्या वेळा पाहून, याच आर्थिक वर्षात सुरू करावे.