किरण गेले, पुढे काय?

लासलगावला कांद्यावर गॅमा किरण सोडतात, म्हणून तो कांदा 'रेडिएशनवाला', तो खायचा नाही, असं आपल्या मेसमध्ये ठणकावून सांगणारे लोक आहेत. आणि हे लोक इंजिनिअरिंगला आहेत! बीएआरसीने ते केंद्र २००२ साली सुरू केलं. २००७ मध्ये आपला हापूस अमेरिकेला गेला तोही तिथूनच किरण घेऊन. कोबाल्ट-६० च्या किरणांनी कांदाही किरणोत्सर्गी होत नाही आणि आंबाही नाही. कॉन्व्हेंटच्या कृपेने मला हे फार उशिरा कळलं, की मराठीत याला चक्क दोन वेगळे शब्द आहेत. प्रारण म्हणजे रेडिएशन, आणि किरणोत्सर्ग म्हणजे पदार्थाने स्वतःहून किरण बाहेर टाकणं. पण पेपरवाले दोन्हींना एकच शब्द वापरतात, मग घोळ होणारच.

असो. माझं खरं भांडण मात्र दुसऱ्या पार्टीशी आहे. "किरण आले, गेले, विषय संपला" असं म्हणणारी पार्टी. कांद्याच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे. प्लास्टिकच्या बाबतीत विषय तिथे सुरू होतो.

सलाइनचा सेट, हातमोजे, टाके घालायचा दोरा असल्या वस्तू जंतुमुक्त करायला साधारण २५ किलोग्रे इतका डोस देतात. ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात हे काम १९७४ मध्ये सुरू झालं. २५ किलोग्रे म्हणजे किलोमागे २५,००० ज्यूल. एवढ्या ऊर्जेने पाणी फक्त ६ अंशांनी तापेल, चहासुद्धा होणार नाही! पण गॅमाचा एक फोटॉन कार्बन-कार्बन बंधाच्या तीन लाखपटीहून जास्त ऊर्जा घेऊन येतो. तो इलेक्ट्रॉन उडवत जातो, ते इलेक्ट्रॉन पुढचे उडवतात, आणि मागे तुटलेले बंध राहतात. म्हणजे फ्री रॅडिकल्स. एक हात मोकळा असलेले, कोणाला तरी धरायला टपलेले.

ते कोणाला धरतात यावर सगळं ठरतं. शेजारच्या साखळीला धरलं तर क्रॉसलिंक होतो. चार्ल्सबी या शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये हार्वेलच्या अणुभट्टीत पॉलिथिलीन ठेवून हेच दाखवलं. नेहमीच्या तापमानाला वितळणारं प्लास्टिक वितळेना झालं. इलेक्ट्रॉनिक्सवाले सोल्डरिंगनंतर वायरवर चढवतात ती हीट-श्रिंक स्लीव्ह याच घराण्यातली. उलट टेफ्लॉन बघा. ॲसिडला दाद देत नाही, तव्यावर मिरवतो, पण हवेत काही किलोग्रे मिळाले की साखळ्या तुटून ढेपाळतो. पॉलिस्टायरिनमधली बेंझिनची कडी मात्र ऊर्जा पचवते. व्हायवात "इफेक्ट ऑफ रेडिएशन ऑन पॉलिमर्स" विचारलं की आपण "डिग्रेडेशन, सर" म्हणून मोकळे होतो. कुठल्या पॉलिमरचं, हे कोणी विचारतही नाही.

आणि त्या मोकळ्या हाताने ऑक्सिजनला धरलं तर? इथे माणसांची हाडं गुंतली आहेत. जॉन चार्नली या इंग्लिश सर्जनने खुब्याच्या कृत्रिम सांध्यात आधी टेफ्लॉनची वाटी बसवून पाहिली, ती भराभर झिजली. मग १९६२ पासून त्याने अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिलीन वापरलं आणि ते जगभर चाललं. पुढे अशा वाट्या हवाबंद न करता, साध्या हवेतच गॅमा देऊन जंतुमुक्त करण्याची पद्धत रूढ झाली. किरण दिले त्या दिवशी वाटी उत्तम असायची. पण स्फटिकी भागात अडकलेली रॅडिकल्स वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पाकिटातला ऑक्सिजन हळूहळू आत शिरतो, रॅडिकलला चिकटतो, ते शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतं, नवीन रॅडिकल तयार होतं, आणि ही साखळी चालूच राहते. गोदामात काही वर्षं पडून राहिलेल्या वाटीत पृष्ठभागाच्या जरा खाली ठिसूळ पांढरा पट्टा दिसायचा. अशी वाटी पेशंटच्या शरीरात गेली की लवकर झिजायची, झिजेच्या बारीक कणांमुळे आजूबाजूचं हाड विरघळायचं आणि सांधा सैल व्हायचा. पुन्हा ऑपरेशन. किरणांचा दोष किती आणि कपाटात गेलेल्या वर्षांचा किती, तुम्हीच ठरवा.

१९९० च्या दशकात हे नीट उलगडलं. उपाय म्हणून किरण बंद केले असतील असं वाटेल, पण डोस वाढवला! ५० ते १०० किलोग्रे देऊन भरपूर क्रॉसलिंक करायचे, मग वितळवून किंवा तापवून उरलेल्या रॅडिकल्सना एकमेकांना भेटवायचं, आणि पॅकिंग ऑक्सिजनशिवाय करायचं. झीज खूपच कमी झाली. फुकट नाही, वितळवल्यामुळे स्फटिकीपणा घटतो आणि भेगांना तोंड द्यायची ताकद थोडी कमी होते. पुढे व्हिटॅमिन ई मिसळण्याची युक्ती निघाली.

म्हणून मला वाटतं, आपली टेस्टिंगची सवयच चुकीची आहे. सॅम्पल बनवा, त्याच दिवशी ओढा, आलेख काढा, जर्नल सबमिट. वस्तू तीन वर्षांनी काय करेल हा प्रश्न आपल्या लॅबमध्ये येतच नाही. आणि त्यासाठी कोबाल्ट लागत नाही. गच्चीवरचं ऊन पुरे. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अल्ट्राव्हायोलेट फोटॉनची ऊर्जा ४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते, बंध तोडायला तेवढी चालते. आपण जिला नायलॉनची दोरी म्हणतो ती बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असते. दोन उन्हाळ्यांनंतर तिचा भुगा हाताला लागतो. शेजारची काळी टाकी तशीच टुणटुणीत, कारण तिच्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक आहे. तो ऊन स्वतःवर घेतो.

थर्ड इयरला हेच प्रॅक्टिकल द्या. पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्या, काही साध्या, काही काळ्या. निम्म्या कपाटात, निम्म्या गच्चीवर, दर महिन्याला दोन-दोन ओढायच्या. यूटीएम मेकॅनिकलला आहेच. आकडे पुढच्या बॅचला द्यायचे, त्यांनी त्याच पट्ट्या पुढे चालवायच्या. गच्चीची किल्ली वॉर्डन सरांकडे असते, तेवढी कोणीतरी मागा.