कोरियात भारत बघ्या नव्हता



‘कोरियात साम्यवाद रोखायला अमेरिका लढली, भारत नुसता बघत राहिला’ हे गेल्या रविवारच्या पत्रातले विधान वाचून वाईट वाटले. आपण लढायला फौज धाडली नाही, हे खरे; पण १९५० सालीच आपले लष्करी वैद्यकीय पथक तिथे पोचले होते. १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतायला नकार देणारे २२ हजारांवर युद्धकैदी भारतीय जवानांनीच सांभाळले. त्यांचे सेनानी आपले मराठी मेजर जनरल थोरात. कैद्यांनी एका भारतीय मेजरला तारेच्या कुंपणाआड ओढून नेले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलले आणि त्याला सोडवून आणले. पत्रलेखकांनी आपले विधान मागे घ्यावे.

– एक निवृत्त शिक्षक, नांदगाव पेठ (जि. अमरावती)