वेल्डिंगचा धूर आणि हातरुमाल

भोसरी, तळवडे किंवा चाकणमधून संध्याकाळी जाताना एखाद्या लहान गाळ्यातला निळसर-पांढरा झगझगाट तुम्ही पाहिला असेल. बरोबरचे वडीलधारे लगेच बजावतात, "तिकडे पाहू नकोस, डोळे जातील." सल्ला योग्यच आहे, कारण त्या प्रकाशातील अतिनील किरण डोळ्यांना इजा करतात. पण तेथून वर चढणाऱ्या धुराविषयी कोणीच बजावत नाही. वेल्डर डोळ्यांपुढे काळी काच धरतो, नाकाला मात्र फार तर हातरुमाल बांधतो. या रुमालावरचा विश्वास अगदी चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा धूर लाकडाच्या धुरासारखा नव्हे. विजेच्या प्रज्योतीचे, म्हणजे वेल्डरच्या भाषेत आर्कचे, तापमान पाच हजार अंश सेल्सियसच्याही वर जाते. तेथे धातू नुसता वितळत नाही, त्याची वाफही होते. ती वाफ बाहेर येताच ऑक्सिजनशी संयोग पावते आणि थंड होऊन तिचे अतिसूक्ष्म कण बनतात. त्यांतले बहुतेक एक मायक्रॉनहूनही लहान! तुमच्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. रुमालाच्या विणीतील भोके या कणांच्या कितीतरी पट मोठी, शिवाय कडांमधून हवा आत शिरते ती वेगळीच.

जस्ती पत्र्याचेच पाहा. लोखंड १५३८ अंशांना वितळते. जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे लोखंडाचे पाणी होण्यापूर्वीच जस्ताचा मुलामा पांढरा धूर होऊन उडतो. तो छातीत गेला की काही तासांनी, बहुधा घरी पोचल्यावर, थंडी वाजून ताप भरतो. एक-दोन दिवसांत तो उतरतो, म्हणून हवा बदलल्याचा ताप समजून माणूस पुन्हा कामावर जातो. कोणी यावर दूध पितात, कोणी गूळ खातात. पण गूळ जातो जठरात आणि धूर फुप्फुसात!

ताप उतरतो, पण रोजच्या धुराचा परिणाम तसा उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला कर्करोग निश्चितपणे निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. वायूंची गोष्ट आणखी निराळी. कार्बन डाय-ऑक्साइड वापरून केलेल्या वेल्डिंगमध्ये त्यातल्या काही भागाचा विषारी कार्बन मोनॉक्साइड बनतो. ऑरगॉन विषारी नाही, पण हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचतो आणि आतल्या माणसाला ऑक्सिजनच उरत नाही. कण गाळणारा चांगला मास्कही येथे निरुपयोगी आहे.

मग पंखा लावावा, असे तुम्ही म्हणाल. पण जोराच्या वाऱ्याने सांध्याभोवतीचे वायूचे संरक्षक आवरण उडते, सांध्यात छिद्रे पडतात आणि जॉब नापास होतो. म्हणून वेल्डरच पंखा बंद करतो. तो बेफिकीर असतो असे नव्हे.

यासाठी धूर फुंकण्याऐवजी ओढून घ्यायला हवा, आणि तोही जवळून. मोठ्या माणसांसमोर एक प्रयोग करा. हातभर अंतरावरची मेणबत्ती फुंकरीने विझते, पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवता येते का, पाहा. ओढणाऱ्या नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतके दूर गेले, की हवेचा वेग सुमारे एक दशांशच उरतो. छताजवळ बसवलेल्या एक्झॉस्ट पंख्यापर्यंत धूर पोचतो तो वेल्डरच्या नाकावरूनच. नळीचे तोंड सांध्यापासून वीतभर अंतरावर हवे.

ही काही नवी युक्ती नाही. धूर त्याच्या उगमाजवळच ओढून घ्यावा, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमात लिहिलेले होते. पण तो कायदा ठराविक संख्येहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी होता. चार-पाच माणसांचे गाळे सहसा त्याबाहेरच राहत. आणि मोटारींचे कितीतरी सुटे भाग अशाच गाळ्यांत जोडले जातात. लहान गाळेवाल्याला नळी-पंख्याचा खर्च पेलत नसेल, तर त्याच्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने लोखंड, वीज आणि मजुरीबरोबर तो खर्चही सुट्या भागाच्या दरात धरावा, असे मला वाटते. मोटारीच्या किमतीत त्याने पडणारी भर फार मोठी नसेल.